एकाच बाटलीतले अकरा जण: सुईतून होणारा संसर्ग आणि वयाचा फरक

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. मी तिथल्या सरकारी तपासणी केंद्रात समुपदेशक आहे. गावाचं नाव देत नाही. माणसांची ओळख पटू नये म्हणून वयं, नाती, कामधंदा यांत थोडे फेरफार केलेत. ज्यांच्याविषयी लिहितेय त्यांच्यापैकी ज्यांची गाठ पडली त्या सगळ्यांना विचारूनच लिहितेय. गटातली पोरं ज्या नावांनी एकमेकांना हाक मारायची तीच इथे ठेवली आहेत: मामा (५४), दादा (२९), मधला (२०) आणि बारका (१७). बाकीची पोरं १९ ते २३ या वयातली.

पार्श्वभूमी

आमच्या भागात पोलीस भरतीचं वारं बारा महिने असतं. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पोरांच्या रांगा पळताना दिसतात. मैदानी चाचणीत १६०० मीटर पळायचं असतं आणि तिथे अर्ध्या सेकंदाने गुण जातात. भरतीच्या अॅकॅडमी गल्लोगल्ली झाल्या आहेत, शेजारी जिम असतेच. या जिम आणि मैदानांच्या आजूबाजूला गेल्या काही वर्षांत मेफेंटरमाइनचं इंजेक्शन आलं. कंबरेत भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब खाली येतो, तो वर आणायला भूलतज्ज्ञ हे औषध वापरतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही, तरी मिळतं. पुणे, सांगली, कोल्हापूर भागात असा साठा पकडल्याच्या बातम्या वाचकांनी पाहिल्या असतील. पोरं त्याला ‘स्टॅमिनाचं’ म्हणतात. छाती धडधडते, दम लागत नाही असं वाटतं, झोप उडते. ते घेऊन पळता पळता हृदय बंद पडू शकतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

या प्रकरणात महत्त्वाची ठरलेली गोष्ट अगदी साधी आहे. हे औषध १० मिलीच्या रबरी बुचाच्या बाटलीत येतं. ती बाटली एका माणसाला एका वेळी संपत नाही.

मामा वेगळ्या काळातला माणूस. तरुणपणी मुंबईत गोदीत हमालीला होता. १९८० च्या दशकात मुंबईत गर्द पसरली तेव्हा तो आधी पन्नीवर ओढायला लागला, पुढे सुईवर आला. गावाकडे परतल्यावर गर्द मिळेना, मग पेंटाझोसिन या वेदनाशामक औषधाची इंजेक्शनं धरली. ती अनेक वर्षं चालली. एचआयव्हीचं निदान मुंबईतच झालं होतं. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या तो नेमाने घ्यायचा, एक दिवस चुकवायचा नाही. शेवटच्या तपासणीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, मोजता येणार नाही इतका खाली होता. पहिल्यांदा माझ्यासमोर बसला तेव्हा त्याने पॅंट गुडघ्यापर्यंत वर घेतली. नडगीवरची कातडी काळपट आणि टणक झालेली होती. बोट दाबलं तर खड्डा पडेना, टिचकी मारली तर लाकडावर मारल्यासारखं वाटे. पेंटाझोसिन वर्षानुवर्षं टोचल्यावर कातडीचं असं होतं. पायाला शीर उरली नव्हती, पण दुसऱ्याच्या हाताची शीर तो डोळे मिटून शोधायचा. पोरांना त्याची गरज पडली ती याच कौशल्यासाठी.

अडचण कशी समोर आली

१९ फेब्रुवारी २०२३, शिवजयंती. गावातल्या मंडळाने रक्तदान शिबिर ठेवलं होतं. मधल्याने आयुष्यात पहिल्यांदा रक्त दिलं, फोटो काढून स्टेटसला लावला. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, गुप्तरोग आणि मलेरिया या पाच गोष्टींसाठी तपासणी होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याला फोन गेला आणि चिठ्ठी घेऊन तो माझ्याकडे आला. हेपॅटायटिस सी रिअॅक्टिव्ह, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या, यकृत बिघडवणाऱ्या काविळीच्या विषाणूची खूण रक्तात सापडली होती.

भरदार दंड, तेल लावलेले केस, घामाचा वास येणारा ट्रॅकसूट. मी माझी नेहमीची यादी काढली. लैंगिक संबंध? नाही. टॅटू? नाही. लहानपणी रक्त चढवलं होतं का? नाही. ऑपरेशन? नाही. नशा करतोस का? यावर तो जवळजवळ चिडला. “मॅडम, मी सुपारीसुद्धा खात न्हाई.” मी यादी बंद केली, आजाराची माहिती दिली, पक्क्या तपासणीसाठी सिव्हिलला पाठवलं. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात ‘अज्ञात’ लिहिलं.

तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या मनात नशा करणारा म्हणजे बसस्टँडवर पडलेला गर्दुल्ला. तो स्वतः पहाटे उठून पळणारा, दूध-अंडी खाणारा मुलगा. माझा प्रश्न मामाच्या वयाच्या माणसाला डोळ्यापुढे ठेवून बनलेला होता. विशीतल्या पोराने त्यात स्वतःला ओळखायचं कसं?

दोन आठवड्यांनी सिव्हिलचा आरएनए रिपोर्ट आला, प्रत्यक्ष विषाणू शोधणाऱ्या तपासणीचा. विषाणू रक्तात होता. रिपोर्ट घ्यायला आला तेव्हा माझं लक्ष त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला गेलं. दोन बारीक ठिपके, भोवती पिवळट पडलेली निळी खूण. त्या दिवशी प्रश्न बदलला: “गेल्या वर्षभरात अंगात कसलीही सुई गेली का रे? सलाईन, ताकदीचं, जिमचं, कसलंही?” तो लगेच म्हणाला, “ते व्हय? ते स्टॅमिनाचं हाय. ते सगळीच घेत्यात.”

पहिला निर्णय: कुणाला बोलवायचं आणि काय विचारायचं

‘सगळीच’ म्हणजे अकरा जण निघाले. मधल्याने सांगितलं की सुई प्रत्येकाची आपापली असते, नवी, पाकिटातली. हे तो इतक्या ठामपणे सांगत होता की मला पटलं. मग विषाणू आला कुठून? मेडिकल ऑफिसरांचा अंदाज होता की जुना संसर्ग असेल, लहानपणीचा. तसं असू शकलं असतं. फाईल तिथेच बंद करता आली असती.

मी त्याला सांगितलं, मला सगळं पहिल्यापासून करून दाखव. टेबलाच्या खणात एक रिकामी बाटली होती, तीत पाणी भरलं. तो आणि त्याच्याबरोबर आलेला एक मित्र असे दोघं बसले. आधी बाटली कोण उघडतं? मामा. का? त्याने आणून दिलेली असते, शीरही तोच धरून देतो, म्हणून पहिला वाटा त्याचा. ट्रक भरायच्या कामाला ताकद राहावी म्हणून तोही ते घ्यायला लागला होता. मामाची सुई? “त्याची येगळी असती. कुणाला हात लावू देत न्हाई. खिशातच असती.” नवी? दोघं गप्प.

मी एका सिरिंजमध्ये निळ्या शाईचा एक थेंब ओढला, दाबून बाहेर काढला आणि तीच सिरिंज बाटलीत घालून पाणी ओढलं. बाटलीतल्या पाण्यात एक निळी रेघ उतरली आणि पसरली. मग पाकिटातली कोरी सिरिंज मधल्याच्या हातात दिली. “आता तुझा वाटा घे.” त्याच्या नव्या सिरिंजमध्ये फिकट निळं पाणी आलं. तो सिरिंज उजेडाकडे धरून बराच वेळ बघत बसला. मित्र हळू आवाजात म्हणाला, “बारका कायम शेवटचा.”

गटात वयाप्रमाणे नंबर लागायचा. आधी मामा, मग मोठी पोरं, मग धाकटी. बारक्याला बाटलीच्या तळाचं मिळायचं. एखाद्या वेळी कमी पडलं तर मोठ्यांपैकी कुणाच्या सिरिंजमधलं थोडं त्याच्या सिरिंजमध्ये मागून घालायचे. दादा तेवढा वेगळा. पुण्यातल्या जिममध्ये हे शिकून आलेला, हातात पैसा असलेला, त्याची बाटली स्वतंत्र असायची.

इथे थोडं विषाणूबद्दल सांगायला हवं. सुईवाटे हेपॅटायटिस सी एचआयव्हीपेक्षा सहज पसरतो आणि शरीराबाहेर जास्त टिकतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांना २०१० साली प्रयोगात काही सिरिंजमध्ये तो ६३ दिवसांपर्यंत जिवंत आढळला होता. सुई काढता-घालता येणाऱ्या साध्या सिरिंजच्या टोकाशी दट्ट्या पूर्ण दाबला तरी थोडं रक्त राहतं. सुई जोडूनच आलेल्या इन्सुलिन सिरिंजमध्ये ते फार कमी राहतं. म्हणजे सुई वेगळी ठेवली तरी पाणी, कापूस, वाटी, बाटली यांतलं काहीही सामाईक असेल तर रस्ता उघडाच.

मला सगळ्यात जास्त लागलं ते मामाच्या बाबतीत. त्याची सुई तो कुणाला देत नव्हता, कारण वीस वर्षांपूर्वी मुंबईतल्या कुणा समुपदेशकाने त्याला बजावलं होतं की तुझी सुई कुणाला देऊ नकोस. ते त्याने जन्मभर पाळलं. बाटलीबद्दल त्याला कुणी काही बोललंच नव्हतं. आमच्या खात्यातल्या माणसांनी सांगितलेलं त्याने शब्दशः ऐकलं होतं, सांगणंच अर्धवट होतं.

दुसरा निर्णय: पोलीस, अन्न व औषध प्रशासन, की आधी तपासणी

हे ठरवायला आम्ही तिघं बसलो: मेडिकल ऑफिसर, आमच्या भागातला लिंक वर्कर (गावोगावी फिरून लोकांना तपासणीपर्यंत आणणारा कार्यकर्ता) आणि मी. एक मत होतं की बेकायदा इंजेक्शन विकलं जातंय, तर आधी पोलिसांना कळवा. मेडिकल ऑफिसरांचं म्हणणं वजनदार होतं: प्रत्येक बाटली म्हणजे एक नवा धोका, पुरवठा तुटला की संसर्गही थांबेल. लिंक वर्करचं म्हणणं उलटं होतं. भरतीची पोरं पोलिसांच्या नावाने जितकी घाबरतात तितकी कशालाच घाबरत नाहीत. गुन्ह्याचा शिक्का म्हणजे चारित्र्य पडताळणीत भरतीचं स्वप्न गेलं. ती पळतील, आणि दुसऱ्या गावात दुसऱ्या बाटलीवर जातील.

आम्ही मधला रस्ता काढला. आधी तपासणी, त्यानंतर पुरवठ्याची माहिती कुणाचंही नाव न घेता अन्न व औषध प्रशासनाला. तोवर नव्या सिरिंज आणि ‘बाटली एकाची’ हा एकच निरोप. निरोपाचे शब्द मधल्यानेच ठरवले. मी पाच ओळींचा कागद केला होता, त्याने दोन शब्दांवर आणला. सुया बदलून देणारा प्रकल्प जवळपास कुठे नव्हता, त्यामुळे सिरिंजचा प्रश्न अवघड होता. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ मध्ये मंजूर होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. धोका कमी करण्यासाठी स्वच्छ सुया पुरवणं हा गुन्हा धरता येणार नाही असं त्यात स्पष्ट आहे. हे कलम मी छापून जवळ ठेवलं होतं. तरी वरून लेखी परवानगी येईपर्यंत थांबा असं आम्हाला सांगण्यात आलं. ती सात आठवड्यांनी आली. मधल्या काळात लिंक वर्करने स्वतःच्या पैशांनी मेडिकलमधून सिरिंज घेऊन दिल्या.

एप्रिलमध्ये अकरापैकी नऊ जण तपासणीला आले. हेपॅटायटिस सीची अँटिबॉडी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची रक्तातली खूण, चौघांत आढळली: मामा, मधला, एक १९ वर्षांचा आणि एक २२ वर्षांचा. दादा निगेटिव्ह. बारकाही निगेटिव्ह. एचआयव्ही मामाशिवाय कुणालाच नव्हता. मामाचा व्हायरल लोड खाली नसता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून महिनोन्‌महिने जात नव्हता.

तिसरा निर्णय: बारक्याच्या घरी काय सांगायचं

बारका सतरा वर्षांचा. अठराच्या आतल्या मुलाची एचआयव्ही तपासणी करायची तर पालकांची संमती लागते. सुई टोचून घेणाऱ्यांसाठीच्या प्रकल्पांतही नोंदणी १८ वर्षांवरच्यांची होते. नाकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या पाहणीत या गटाची वयाची चौकट १५ ते ४९ अशी असते. म्हणजे आमच्या गटातला सगळ्यात जास्त संसर्ग अंगात असलेला माणूस, ५४ वर्षांचा मामा, मोजणीच्या बाहेर, आणि सगळ्यात जास्त धोक्यातला मुलगा सेवेच्या बाहेर.

बारक्याचं म्हणणं एकच, वडिलांना कळलं तर ते मारतील आणि पळणं बंद करतील. पर्याय तीन होते. वडिलांना बोलावणं, अठरा वर्षं पुरी होईपर्यंत वाट बघणं, किंवा आईला. वाट बघायची मला भीती वाटत होती. शेवटी त्यानेच आईला आणलं. इंजेक्शनचं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, मी शेजारी बसून होते. ती माउली रडली नाही. तिने पदराने त्याचा घाम पुसला आणि सहीसाठी पेन मागितलं.

रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा आम्ही तिघं हसलो. आणि इथे माझी चूक झाली. अँटिबॉडी रक्तात दिसायला संसर्गानंतर साधारण आठ ते अकरा आठवडे जातात. शेवटचा वाटा त्याने तपासणीच्या आठ दिवस आधी घेतला होता, हे मला ठाऊक होतं. “तीन महिन्यांनी पुन्हा या” एवढं मी म्हणाले, पण तारीख लिहून दिली नाही, आईच्या फोनमध्ये आठवण लावली नाही. निगेटिव्ह शब्द ऐकल्यावर पुढचं कुणाच्या कानात शिरत नाही, हे मला एवढ्या वर्षांत माहीत असायला हवं होतं.

मे महिना: सगळं विस्कटलं

आमची माहिती अन्न व औषध प्रशासनाकडे पोचायच्या आधीच कुणीतरी पोलिसांत कळवलं. अॅकॅडमीवर पोलीस आले, एका मेडिकलवाल्याची चौकशी झाली, स्थानिक बातम्यांत फोटो आले. लिंक वर्कर म्हणाला होता तसंच झालं. पोरं पांगली. कुणी आजोळी, कुणी पुण्यात कंपनीत. तपासणीला न आलेले दोघं कायमचे हातचे गेले. मधल्याने सुद्धा फोन उचलणं बंद केलं, त्याला वाटलं मीच नावं दिली. सहा आठवडे आमच्याकडे या गटातलं कुणीही फिरकलं नाही.

मामा तेवढा यायचा, एआरटीच्या गोळ्यांच्या दिवशी. त्याच्यापुढे मी अडचणीत होते. मामाला एचआयव्ही आहे हे पोरांना कळलं तर ती घाबरून तरी तपासणीला येतील, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. कायद्याने ते सांगता येत नाही, आणि कायदा नसता तरी मी सांगितलं नसतं. बाटलीची गोष्ट मात्र मामाला सांगायलाच हवी होती. शाईचा प्रयोग त्याच्यापुढे पुन्हा केला. तो निळ्या पाण्याकडे बघत म्हणाला, “म्हंजी माझी सुई येगळी ठिवून उपेग काय झाला, ताई?”

पुढे जे झालं ते आमच्या कुठल्याच आराखड्यात नव्हतं. जूनच्या एका रविवारी मामाने मधल्याला निरोप धाडून ओढ्याकाठच्या देवळात चार-पाच पोरं जमवली. मी तिथे नव्हते, नंतर मधल्याने सांगितलं. मामाने आधी पॅंट वर करून पाय दाखवले. मग म्हणाला की माझ्या रक्तात दोन रोग हायेत, एकाच्या गोळ्या मी पंधरा वर्षं खातोय, दुसरा तुमच्यात गेलाय आन्‌ तो माझ्यामुळं गेलाय. पोरं उठून जातील असं त्याला वाटलं होतं. कुणी उठलं नाही. सोमवारी सकाळी केंद्र उघडायच्या आधी मधला दारात उभा होता, सोबत बारका आणि आणखी दोघं.

बारक्याची दुसरी तपासणी रिअॅक्टिव्ह आली.

उपचार

हेपॅटायटिस सीवरचा उपचार राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतो. हा कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. यकृत सुस्थितीत असेल तर सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर या गोळ्या रोज एकदा, बारा आठवडे. खरं सांगायचं तर या प्रकरणातला सगळ्यात सोपा भाग हाच होता.

अँटिबॉडी आता पाच जणांत होती, विषाणू चौघांतच निघाला. २२ वर्षांच्या मुलाच्या शरीराने तो स्वतःहून घालवला होता. दर तीन-चार जणांत एकाचं असं होतं. त्याला हे समजावणं कठीण गेलं, कारण अँटिबॉडीचा रिपोर्ट आयुष्यभर रिअॅक्टिव्ह येत राहणार. ‘रिअॅक्टिव्ह’ म्हणजे आजारी असं त्याच्या घरच्यांनी धरलं होतं. आरएनएचा कागद लॅमिनेट करून दिला तेव्हा घरात त्याला परत ताट-वाटी मिळाली.

मामाच्या यकृताला सिरॉसिस सुरू झालेला निघाला, म्हणजे यकृत कडक व्हायला लागलं होतं, पण पोटात पाणी भरण्याइतकं पुढे गेलं नव्हतं. म्हणून त्याला सोफोस्बुव्हिर आणि व्हेलपाटास्व्हिर दिलं. त्याच्या एआरटीत टेनोफोव्हिर होतं आणि व्हेलपाटास्व्हिरबरोबर त्याचं प्रमाण रक्तात वाढतं, त्यामुळे मूत्रपिंडाची तपासणी दर महिन्याला केली. पेंटाझोसिन सुटावं म्हणून त्याऐवजी द्यायच्या ब्युप्रेनॉर्फिनची, जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी होती. येऊन-जाऊन चार तास. त्याने दोन महिने वाऱ्या केल्या, मग साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि वाऱ्या तुटल्या.

एकच विषाणू, पण वयाप्रमाणे त्याचा अर्थ किती बदलत गेला हे या पाच फाईली शेजारी ठेवल्यावर दिसतं. मामात तो बहुधा पंचवीस-तीस वर्षं होता आणि यकृत खात होता. पोरांच्या अंगात येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मामाला भीती मरणाची, मधल्याला भरतीची, बारक्याला बापाची. डोळे पिवळे नव्हते, पोट दुखत नव्हतं, त्यामुळे ‘कावीळ’ म्हटल्यावर बारक्याच्या आजीने गळ्यात काविळीची माळ बांधली आणि माळ खाली सरकली म्हणजे रोग उतरला असं जाहीर केलं. मी माळ काढायला लावली नाही. आईला एवढंच म्हणाले, माळ राहू दे, गोळी चुकवू नका. तिने कॅलेंडरवर रोज कुंकवाचा ठिपका लावला. चौऱ्याऐंशी ठिपके झाले तेव्हा कॅलेंडरचं पान मला आणून दाखवलं.

तोवर बारक्याला अठरा वर्षं पुरी झाली होती. हेपॅटायटिस बी सगळ्यांचा निगेटिव्ह होता, म्हणून पोरांना लस सुरू केली. ही लस राष्ट्रीय लसीकरणात देशभर पोचेपर्यंत २०११ उजाडलं, त्यामुळे या वयाच्या पोरांना ती बाळपणी मिळालेली असेलच असं नाही. तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसला चार जण आले.

निष्पत्ती

गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी विषाणू नसेल तर रुग्ण बरा झाला असं धरतात. मधला आणि मामा जानेवारी २०२४ मध्ये या टप्प्यावर पोचले, बारका मार्चमध्ये. तिघांच्याही रक्तात विषाणू नाही. १९ वर्षांच्या मुलाने गोळ्या पूर्ण केल्या आणि शेवटच्या तपासणीआधी गाव सोडलं. मामाच्या यकृताचं झालेलं नुकसान तसंच आहे, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते.

दादाने इंजेक्शन सोडलं नाही. तो निगेटिव्ह आहे, त्याची बाटली त्याची, आणि माझ्याकडे यायचं त्याला काही कारण वाटत नाही. मधल्याने हिवाळ्यात एकदा पुन्हा घेतलं, हे त्याने स्वतः येऊन सांगितलं. नवी सिरिंज, स्वतंत्र बाटली. मी रागावले नाही, लगेच आरएनए करून घेतला. एकदा बरं झाल्यावरही हा संसर्ग पुन्हा होऊ शकतो, अँटिबॉडी असली तरी संरक्षण मिळत नाही, हे त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं आणि ते त्याच्या लक्षात राहिलं होतं.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

पहिल्याच भेटीत ‘नशा’ हा शब्द मी वापरणार नाही. नोंदवहीत आता माझा प्रश्न “अंगात सुई कशाकशासाठी गेली” असा आहे, आणि त्याखाली जिम, पळणं, विटामिन, सलाईन असे रकाने पेनाने आखून घेतलेत. मार्चमधले ते दोन आठवडे वाचले असते. त्या दोन आठवड्यांत तीन बाटल्या उघडल्या गेल्या, हे मधल्याने नंतर हिशेब करून सांगितलं. बारक्याला संसर्ग त्यातल्याच एखादीतून झाला असेल का, हे कुणीही सांगू शकणार नाही. मला मात्र तो विचार सोडत नाही.

मामाला मी पहिल्यापासून धोक्याचं मूळ म्हणून पाहिलं. नवख्या पोराला पहिली सुई बहुतेक वेळा कुणीतरी जुनं माणूसच टोचून देतं, आणि म्हणूनच जुन्याचा संसर्ग नव्यात उतरतो. पण ज्या हातातून तो उतरतो, त्याच हाताचं पोरं ऐकतातही. शाईची बाटली एप्रिलमध्ये मधल्याच्या आधी मामापुढे ठेवली असती तर पोलीस यायच्या आत गटातले सगळे तपासून झाले असते, असं मला वाटतं. लिंक वर्करला हे मान्य नाही. त्याच्या मते पोरं पांगली, घाबरली, म्हणूनच मामाचं मन हललं.

बारक्याला तारखेसह कागद द्यायला हवा होता. आता दर निगेटिव्ह रिपोर्टला पुढच्या तपासणीची तारीख शिक्क्यासारखी मारून देते आणि घरातल्या एका माणसाच्या फोनमध्ये माझ्यासमोर आठवण लावून घेते. अन्न व औषध प्रशासनाला कळवायला आम्ही तपासणी संपायची वाट पाहिली, ते बरोबर होतं की चूक यावर आमच्यात अजून एकमत नाही.

१९ वर्षांच्या मुलाची शेवटची तपासणी बाकी आहे. त्याचा फोन बंद असतो. त्याची आई आठवडी बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसते, मुलगा पुण्याजवळ कुठल्याशा गोदामात रात्रपाळी करतो एवढंच तिला ठाऊक आहे, आणि तो आजारी होता हे तिला ठाऊक नाही. म्हणून मी तिच्याकडे भाजी घेते आणि पोरगा दिवाळीला येणार का, एवढंच विचारते.